शेंगाचटणीचा काउंटर

केशवापुरात 'रूपा इलेक्ट्रॉनिक्स' कुठं आहे असं जो विचारेल तो हुबळीचा नव्हेच, असं एके काळी खुशाल समजावं. तीन मजली दुकान. खाली मिक्सर, इस्त्र्या, पंखे. मधल्या मजल्यावर टीव्ही. वर फ्रिज आणि वॉशिंग मशीन. आणि आत शिरल्याबरोबर उजव्या हाताला भारतीअक्काचा काउंटर.

भारतीअक्का मिक्सर विकायची आणि विकायची तिची एक रीत होती. गिऱ्हाइकानं बोट दाखवलेला मिक्सर ती खोक्यातून काढायची, पुसायची, आणि त्यात तिथल्या तिथं शेंगाचटणी करायची. भाजलेल्या शेंगा, लसूण, ब्याडगीचं तिखट, जिरं, मीठ. "एकदम पळवायचा नाही हं ताई, लगदा होतो. थांबत थांबत फिरवायचा. आवाज ऐका. रडतोय का? नाही ना? मग घ्या." चिमूटभर चटणी कागदावर घालून गिऱ्हाइकाच्या हातात, आणि उरलेली भांड्यातच ठेवून झाकण घट्ट. लेकीला रिकाम्या हातानं सासरी धाडत नाहीत, मग मिक्सरला का धाडायचं, असं तिचं म्हणणं.

पलीकडं गल्ल्यावर मालक गोपाळअप्पा. गॅरंटीच्या कार्डावर दुकानाचा शिक्का मारायचं काम त्यांनी जन्मात कुणाला दिलं नाही. शिक्का मारायचा, शाई वाळावी म्हणून हळूच फुंकर घालायची, आणि कार्ड दोन्ही हातांनी देऊन म्हणायचं, "काही झालं तर घेऊन या. आम्ही हितंच आहोत." मोठ्या लेकीच्या, रूपाच्या, नावानं दुकान काढलेला माणूस. बोललेलं पाळायचा. अळणावरकडच्या खेड्यातून दुर्गव्वा म्हणून एक म्हातारी यायची, कापडी पिशवीत मिक्सर घालून. तिच्या मिक्सरची कंपनीसुद्धा बुडाली, पण त्याचं पातं बसवून द्यायचं काम रूपात चालूच राहिलं, वर चहा.

आणि काय दिवस होते म्हणता ते. क्रिकेटचा सामना असला की गोपाळअप्पा मधल्या मजल्यावरचे सगळे टीव्ही रस्त्याकडं तोंड करून लावायचे. खाली फुटपाथवर ही गर्दी, रिक्षावाले रिक्षा आडव्या लावून उभे, मिरचीभजीवाल्याचा गाडा हक्कानं तिथंच. उन्हाळ्यात बायका एसीची चौकशी करायला म्हणून यायच्या आणि गार होऊन जायच्या. फ्रिज घेतला की तो टेम्पोत हार घालून बसायचा आणि त्याच्याभोवती घरची पोरं. आता फ्रिज येतो तो दुपारी, कुणी घरी नसताना, शेजाऱ्याची सही घेऊन. असो. जग पुढं जातं, त्याला कोण काय करणार. पण पुढं जाताना मागं वळून 'येतो' म्हणायची पद्धत असते, तेवढीही कुणी पाळली नाही, ह्याचा राग येतो.

भारतीअक्का ह्या काउंटरवर आली तेव्हा तिशीही गाठलेली नव्हती. आई चार घरची धुणीभांडी करायची, आणि मागच्या दाराला उभं राहून उरलंसुरलं मागून आणायची. त्या मागच्या दारांच्या पायऱ्या भारतीनं लहानपणी खूप बघितलेल्या. तेव्हाच तिनं ठरवलं होतं, कुणाच्या दारात काही मागायचं नाही. गोपाळअप्पांनी तिला चटणी करायला उभी केली तेव्हा सुरुवातीला काही बायका गोड आवाजात विचारायच्या, "तुम्ही मूळच्या कुठल्या हो? आडनाव काय म्हणालात?" उत्तर मिळालं की चटणीचा कागद तसाच काउंटरवर राहायचा. भारती तो उचलायची आणि पुढचा मिक्सर काढायची. एकदा महिला मंडळातल्या एका बाईनं गोपाळअप्पांना कानात काहीतरी सांगितलं. त्यावर अप्पांनी सगळ्यांदेखत तो राहिलेला कागद उचलला, चटणी तोंडात टाकली आणि म्हणाले, "मीठ बरोबर आहे भारती." एवढंच. पुढं चार-सहा वर्षांत असं झालं की बायका मिक्सर नको असला तरी चटणीसाठी यायला लागल्या, आणि हुबळीच्या नवनगरपासून धारवाडच्या सप्तापूरपर्यंत ती सगळ्यांची अक्का झाली. ज्या गावात तिच्या आईला पुढच्या दारानं कुणी घेतलं नव्हतं, त्या गावाच्या निम्म्या स्वयंपाकघरांत तिनं दिलेला मिक्सर होता. ह्या काउंटरनं तिला काय दिलं हे तिला कुणी विचारलं नाही, आणि तिनंही कुणाला सांगितलं नाही.

मग ते स्मार्टफोन आले. माणसं अजूनही येत होती, नाही असं नाही. यायची, मिक्सर फिरवून बघायची, चटणी खायची, वा अक्का म्हणायची, आणि खोक्याच्या बाजूचा फोटो काढून घरी जायची. तिसऱ्या दिवशी तोच मिक्सर त्यांच्या दारात. पुन्हा तोंड वर करून विचारायला यायची, "अक्का, ह्याचं झाकण कसं बसवायचं हो?" आणि ही बया बसवून द्यायची. वरच्या मजल्याची लिफ्ट बंद झाली. टीव्हीच्या मजल्यावर एकच टीव्ही चालू राहिला, तोही आवाज बंद करून. गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात, तसंच.

गोपाळअप्पांचं वय झालं. डोळ्यांना अंधुक दिसायचं, ऐकूही कमी यायचं, पण रोज येऊन गल्ल्यावर बसायचे. कारभार मुलानं, उमेशनं, हातात घेतला होता. पोरगा वाईट नाही. एमबीए करून बेंगळूरला राहिला असता तर सुखी झाला असता, पण बापासाठी परत आला आणि दुकानाचं ओझं डोक्यावर घेऊन बसला. श्रावण सरता सरता त्यानं भारतीअक्काला वरच्या रिकाम्या मजल्यावर बोलावलं.

"अक्का, एका पार्सल कंपनीला जागा पाहिजे. तिन्ही मजले. ऑनलाईनचा माल ठेवायला."

भारतीअक्कानं मजल्यावरून नजर फिरवली. जिथं फ्रिजची रांग होती तिथं आता धुळीचे चौकोन तेवढे राहिले होते.

"खालचा मजला ठेवा की उमेशअण्णा," ती म्हणाली. "वरचे दोन द्या. मिक्सर, इस्त्री, एवढंच ठेवू. लोक येतात माझ्याकडं."

"येतात. घेत नाहीत."

"दसऱ्याला घेतात."

हे खरं होतं. दसऱ्याला ह्या गावात कुणी रिकाम्या हातानं घरी जात नसे. उमेश खिडकीतून खाली बघत राहिला. मग म्हणाला, "बरं. दसऱ्यापर्यंत थांबतो. पूर्वीच्या दसऱ्याच्या निम्मा जरी धंदा खाली झाला, तर खालचा मजला आपला. मी त्या लोकांना तसं सांगतो. पण नाही झाला तर अक्का, मग मला अडवू नका. अप्पांनाही तुम्हीच समजवा."

"झाला म्हणून समजा," असं म्हणून ती खाली आली, आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागली.

रोज दुपारी दुकानातून सुटून ती हुबळी-धारवाडची जलद 'चिगरी' बस धरायची. पिशवीत चटणीच्या पुड्या. आज नवनगर, उद्या सप्तापूर, परवा केशवापुरातल्याच गल्ल्या. ज्यांना ज्यांना तिनं मिक्सर दिला होता त्यांची दारं तिला पाठ होती. आणि स्वागत काय विचारता. "बर्री अक्का, कुंड्री," या अक्का, बसा, असं म्हणत कानडी घरं उठून उभी राहायची, आणि मराठी घरांत चहाबरोबर चिवडा यायचा. सगळी दारं पुढचीच. सप्तापुरात बाळाचार्य म्हणून निवृत्त प्राध्यापक होते, त्यांनी तर तिला आरामखुर्चीत बसवलं आणि स्वतः वेताच्या मोढ्यावर बसले. त्यांच्या पत्नी शालिनीबाई म्हणाल्या, "अक्का, तुमच्या मिक्सरवर माझ्या तीन सुना शिकल्या."

"मग दसऱ्याला दुकानात या सगळी," भारतीअक्का म्हणाली. "चटणी करणार आहे."

"दुकान बंद होणार म्हणून ऐकलं, खरं का?"

इथं बोलायला हवं होतं. 'खरेदीला या, तरच राहील' एवढं एकच वाक्य. काउंटरवर उभी असती तर ह्याच शालिनीबाईंच्या गळ्यात तिनं बोलता बोलता दोन मिक्सर मारले असते. पण इथं तिच्या हातात त्यांचा कप होता, आणि ती त्यांच्या पुढच्या खोलीत बसली होती. तिला मागच्या दाराच्या पायऱ्या आठवल्या, आणि तिनं चहाचा घोट घेतला.

"तुम्ही आलात म्हणजे कळेल," ती हसून म्हणाली.

दारोदारी हेच. भीड भिकेची बहीण, असं तिची आईच म्हणायची. पण आईनं भीकही बघितली होती आणि लेकीला ती दोहोंतली भीड निवडायला शिकवून गेली होती. एवढंच की, नवनगरच्या सुनिता टीचरांकडं तिनं जरा धीर केला. म्हणाली, "येताना रिकाम्या येऊ नका हं." सुनिता टीचरांनी तिचा हात धरला. "रिकाम्या कशा येऊ अक्का? आम्ही काय तसल्या आहोत?" भारतीअक्का त्या दिवशी बसमध्ये बसायला जागा मिळूनही उभी राहून आली, इतकी हलकी झाली होती.

दसऱ्याच्या सकाळी ती पांढरी साडी नेसून आधी विहारात गेली, वंदना केली, आणि तिथून थेट दुकानात आली. शेंगा आदल्या दिवशीच भाजून ठेवलेल्या. मिक्सरांची खोकी तिनं छातीइतकी रचली, झेंडूची माळ घातली. उमेशनं बिलाचं यंत्र पुसून ठेवलं. गोपाळअप्पा धुतलेल्या धोतरात गल्ल्यावर, समोर शिक्का आणि शाईचा पॅड.

आणि लोक आले. काय सांगावं, खरोखर आले. अकराच्या सुमाराला दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. पूर्वीसारखी गर्दी, पूर्वीसारखा गलका, कानडी-मराठीची तीच खिचडी. ज्याच्या त्याच्या हातात बन्नीची, म्हणजे शमीची, पानं. "बन्नी तगोंडु बंगारदंग इरोणु," बन्नी घेऊन सोन्यासारखं राहू या, असं म्हणत जो तो आधी गोपाळअप्पांच्या आणि मग भारतीअक्काच्या हातात पानं देत होता. दुर्गव्वा अळणावरच्या गाडीनं आली होती, आज मिक्सर न आणता. बाळाचार्य शाल पांघरून आले. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या होत्या, पोरींनी गजरे माळले होते. भारतीअक्काचा हात थांबेना. एक मिक्सर काढला, दुसरा काढला, चटणीवर चटणी. उमेश गर्दीकडं बघून पहिल्यांदाच हसला, आणि तिनं त्याला लांबूनच मान हलवून 'बघा' म्हटलं.

बारा वाजले. चटणीचे दोन डबे संपले. बिलाच्या यंत्रातून अजून एकही कागद बाहेर आला नव्हता.

तिच्या आधी ते उमेशच्या ध्यानात आलं. तिला कळलं ते शालिनीबाईंनी काउंटरवर गुळेदगुड्डचा खण ठेवला तेव्हा. खणावर नारळ. मग दुसऱ्या बाईनं खण ठेवला. कुणी पेढ्यांचा पुडा. कुणी स्टीलचा डबा, वर नाव घातलेला. दुर्गव्वानं पदरात बांधून आणलेले हातसडीचे पोहे काढले. सगळं काउंटरवर साचत चाललं, मिक्सरच्या खोक्यांना टेकून. आणि भारतीअक्काच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ही माणसं खरेदीला आलीच नव्हती. ती स्वतःच त्यांना घरोघर जाऊन, चटणीची पुडी हातावर ठेवून, मानानं बोलावून आली होती. आणि असं बोलावलं की आपल्याकडं माणूस पाहुणा म्हणून जातो, नटून जातो, काहीतरी घेऊन जातो. कार्याच्या घरी जाऊन भाव कोण विचारतो? दुकान बंद होतंय, अक्कानं निरोपाला बोलावलंय, असंच सगळ्या गावानं धरलं होतं. रिकाम्या येऊ नका म्हणाली, तर कुणी रिकामं आलं नव्हतं.

ती गर्दीकडं बघत उभी राहिली. अजूनही सांगता आलं असतं. तोंडही उघडलं तिनं.

तेवढ्यात सुनिता टीचर पुढं आल्या. मागं नवनगरच्या पाच-सहाजणी, एकमेकींना ढकलत, हसत. टीचरांच्या हातात चकचकीत कागदात गुंडाळलेलं मोठं खोकं.

"अक्का, हे आम्हा सगळ्यांकडून. उघडा ना, आत्ताच उघडा."

भारतीअक्कानं कागद काढला. खोक्यावरचं चित्र तिनं बघितलं आणि तिचा हात थांबला. मिक्सर होता. तिच्या पाठीमागं जी थप्पी रचली होती, त्यातल्याच कंपनीचा, त्यातलाच सगळ्यात वरचा, महागडा.

"गावाला इतके मिक्सर दिलेत, आणि तुमच्या घरी तो जुनाट, डेमोतून उतरलेला," सुनिता टीचर म्हणत होत्या. डोळे भरले होते त्यांचे. "आता घरी बसून आमच्यासाठी चटणी करायची. सगळ्या मिळून मागवला. खरं तर हितनंच घेणार होतो हो. पण हितं घेतला असता तर तुमच्याच हातानं द्यावा लागला असता, आधीच कळलं असतं तुम्हाला. म्हणून मग ऑनलाईन."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. गल्ल्याशी उभ्या उमेशनं मान खाली घातली.

राग यावा असा एकही चेहरा त्या गर्दीत नव्हता, तिथंच तर सगळी पंचाईत होती. शिव्या कुणाला द्यायच्या? जीव लावणाऱ्या माणसांनी जीव लावूनच दुकान बुडवलं होतं. आणि तरीही भारतीअक्काला वाटलं की आई आज इथं असायला हवी होती. ज्यांच्या दारात ती मागायला उभी राहायची, त्यांच्या लेकीसुना तिच्या लेकीला द्यायला रांगेत उभ्या होत्या.

तिनं मिक्सर खोक्यातून काढला. फडक्यानं पुसला, नेहमीसारखा. भांडं बसवलं, शेंगा घातल्या, लसूण, तिखट, जिरं, मीठ.

"आवाज ऐका," ती म्हणाली, आणि दुकान गप्प झालं.

तिनं थांबत थांबत फिरवला. मिक्सर चांगला होता. कुठं घरघर नाही, कुठं अडखळणं नाही. वाईट निघाला असता तर बरं झालं असतं. तिनं झाकण काढलं, चटणी कागदावर घेतली आणि पहिला कागद सुनिता टीचरांच्या हातात दिला.

"रडत नाही," ती म्हणाली. "चांगला घेतलात."

मग दुर्गव्वा, मग शालिनीबाई, मग सगळ्या. चटणी पुरवून पुरवून तिनं प्रत्येकीला दिली. त्या गडबडीतच ती उमेशजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "उमेशअण्णा, त्यांना फोन करा. तिन्ही मजले द्या." उमेश काही बोलायला गेला, पण ती तोवर काउंटरकडं परत फिरली होती. अप्पांना समजवायचं कबूल केलेलं काम अजून राहिलं होतं.

पण गोपाळअप्पांना गलक्यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. त्यांना दिसलं ते एवढंच की खूप दिवसांनी दुकान भरलंय, एक मिक्सर खोक्यातून निघालाय, चटणी वाटली गेलीय. म्हणजे विक्री झाली. त्यांनी हात पुढं केला.

"भारती, कार्ड आण."

उमेश पुढं होऊन म्हणाला, "अप्पा, तो आपला..." भारतीअक्कानं त्याच्या दंडाला हात लावला.

तिनं खोक्याच्या तळातून गॅरंटीचं कार्ड काढलं आणि दोन्ही हातांनी अप्पांपुढं ठेवलं. अप्पांनी चाचपडून शिक्का उचलला, पॅडवर टेकवला, आणि कार्डावर दाबून मारला. 'रूपा इलेक्ट्रॉनिक्स, केशवापूर, हुबळी.' थोडा तिरका बसला. त्यांनी त्यावर फुंकर घातली.

"गिऱ्हाईक कोण?" त्यांनी विचारलं.

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. सुनिता टीचरांनी पाठीमागची मिक्सरची थप्पी बघितली, मग बिलाचं कोरं यंत्र बघितलं, आणि त्यांच्या तोंडावरचं हसू हळूहळू उतरलं.

"मीच आहे अप्पा," भारतीअक्का म्हणाली.

अप्पांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली आणि कार्ड तिच्यापुढं धरलं.

"काही झालं तर घेऊन ये," ते म्हणाले. "आम्ही हितंच आहोत."

"होय अप्पा," ती म्हणाली. "आणते की."

कार्ड घडी न घालता तिनं पिशवीत ठेवलं, आणि शेंगांचा डबा पुन्हा पुढं ओढला.